दोन चिठ्ठ्या आणि चुन्याची रेघ

॥ श्री ॥
भनपुरी, रायपूर
१० नोव्हेंबर २००२

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू वर्ध्याहून पाठवलेला फराळाचा डबा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी हातात पडला. अनारशांचा पार भुगा झाला होता. सुशीलाने तो दुधात शिजवून खीर म्हणून वाढला आणि शेजारच्या वर्मा भाभी चक्क कृती विचारून गेल्या. तेव्हा पुढच्या वर्षी अनारसे भुगा करूनच पाठव, पार्सलचा त्रास वाचेल.

आमची मंजू अंबिकापूरहून दोनच दिवसांसाठी आली होती. नवी सरकारी नोकरी, रजा जपून घ्यावी लागते म्हणाली. ऑफिसात दिवसभर हिंदी बोलून बोलून आता घरीही हिंदीत उत्तर देते. मी मराठीत विचारलं की जेवली का, तर हव म्हणाली. हे तर हिंदीही नव्हे, छत्तीसगढी झालं.

आमचं गाव राजधानी होऊन दोन वर्षं झाली. पूर्वी रस्त्यात गाय आडवी आली की थांबावं लागे, आता लाल दिव्याची गाडी आली की थांबावं लागतं. गाय निदान भोंगा वाजवत नव्हती. पण रस्ते झाले हे कबूल करायला हवं. परवा सायकलवर सदर बाजारात गेलो होतो, तर मागच्या वर्षी सायकल शर्यतीच्या कपावर अक्षरं कोरून देणारा सोनार दुकानातून हाक मारून विचारू लागला की भैया, इस साल रेस कब से है. मग काय, घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

तुला तेव्हा तुकड्यातुकड्यांनी लिहिलं होतं, पण ताई, तो हंगामच वेगळा होता. आमच्या घरावरून बीरगांवकडे जाणारा रस्ता नवा गुळगुळीत झाला होता. शामराव आणि मी टपरीवर चहा पीत होतो. शामराव म्हणाला, शालिकभाऊ, एवढा झ्याक रस्ता आणि त्याच्यावर काय फक्त साहेबलोकच हिंडतीन का? बस, तिथेच ठरलं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारपासून जानेवारीच्या शेवटच्या रविवारपर्यंत नऊ शर्यती. रेल्वे कॉलनीच्या मैदानापासून बीरगांवच्या वळणापर्यंत जायचं आणि परत यायचं. सायकल घरचीच पाहिजे, गिअरची चालणार नाही, घंटी आणि कॅरियर काढायचं नाही. सुशीलाने आणि शामरावकडच्या कांतावहिनींनी माझ्याकडच्या रेल्वेच्या जुन्या झेंड्यांचे तुकडे करून त्यावर नंबर शिवले. मुलींना हिरवे, मुलांना लाल.

एक पोस्टमन स्पर्धेत होता. थैला नसला की तोल जातो म्हणायचा, म्हणून रिकामा थैला खांद्याला अडकवून यायचा. बीरगांवची एक कारखान्यात कामाला जाणारी बाई पहिल्या तिघींत होती, पण वळणावरून परत फिरायच्या ऐवजी सरळ कारखान्यातच गेली, कारण आठची पाळी होती. आम्ही अर्धा तास तिला रस्त्याच्या कडेने शोधत होतो. आणि भनपुरीचे ट्रकवाले! पहिल्या रविवारी शिव्या दिल्या, तिसऱ्या रविवारी स्वतःच ट्रक आडवे लावून रस्ता मोकळा करून दिला. शर्यत संपली की सगळ्यांना पोहे आणि जिलेबी. मंजू आणि शामरावची भावना या दोघी तर अशा चालवायच्या की मुलांनी तोंडं लपवावीत.

यंदा मात्र नाही. लोक विचारतात, पण माझा गुडघा साथ देत नाही. वयाच्या साठीनंतर शिट्ट्या वाजवत उभं राहणं बरं दिसत नाही. शामरावकडचं कोणी यंदा फराळाला आलं नाही, कामात असतील.

सुशीलाचा नमस्कार. थंडी वाढली आहे, पायात मोजे घालत जा. तुझा आशीर्वाद पाठीशी आहे तोवर आमचं बरंच चालेल.

तुझा,
शालिक


वर्धा
१९ नोव्हेंबर २००२

चि. शालिकला,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पस्तीस वर्षं शाळेत वह्या तपासल्या आहेत, त्यामुळे पत्रही लाल पेन हातात घेऊनच वाचते. त्यात दोन चुका सापडल्या.

पहिली चूक गुडघ्याची. भनपुरीहून सदर बाजार आणि परत, एवढं अंतर सायकलवर जाऊन आलेला माणूस त्याच पत्रात गुडघा साथ देत नाही असं लिहितो. गुडघ्याच्या नावावर दुसरंच काही खपवू नकोस. लहानपणी शाळा चुकवायची असली की तुझं पोट दुखायचं, आता वय वाढलं म्हणून दुखणं गुडघ्यापर्यंत उतरलं एवढंच.

दुसरी चूक मोठी आहे. तीस वर्षं तुझ्या प्रत्येक पत्रात शामराव असतो. शामराव असं म्हणाला, शामरावने तसं केलं. त्याच्या खोड्या मला तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. तुला कावीळ झाली तेव्हा महिनाभर कांताबाई बिनतेलाचं जेवण घेऊन यायची आणि शामराव आपली पाळी संपवून तुझंही काम करायचा, हे मी तिथे राहून डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि आता तो फराळाला येत नाही, आणि तू लिहितोस, कामात असतील! तो तर मार्चमध्येच निवृत्त झाला ना? कसल्या कामात?

तेव्हा सरळ विचारते, शालिक, काय केलंस? मी तुझी मोठी बहीण आहे, रागावायचा हक्क राखून ठेवून ऐकून घेईन. पण खरं लिही आणि सगळं लिही.

सुशीलाला सांग की खिरीचं श्रेय अर्धं माझं आहे. तुम्हा दोघांना माझी माया आहेच, ती मागायला लागू नये.

तुझी,
कलाताई


॥ श्री ॥
भनपुरी, रायपूर
२७ नोव्हेंबर २००२

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे माझं कधी काही लपलंय का? लिहितो.

शेवटच्या, कपाच्या शर्यतीची गोष्ट आहे, २७ जानेवारीची. आधी आमची पद्धत सांगतो, नाहीतर तुला कळायचं नाही. रेल्वेच्या कारखान्यात वॅगनच्या चाकाचं माप घेताना दोघांनी वेगवेगळं घ्यायचं, एकमेकांना न दाखवता कागदावर लिहायचं आणि मग दोन्ही कागद ताडून पाहायचे, अशी शिस्त होती. फरक निघाला तर जो सीनियर त्याचं खरं. शामराव आणि मी आयुष्यभर तेच केलं, म्हणून शर्यतीतही तेच ठेवलं. चुन्याच्या रेघेच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला शामराव. कोण पहिलं आलं ते आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं, घडी घालायची आणि सगळ्यांसमोर उघडायची. आठ रविवार आमच्या चिठ्ठ्या जुळल्या. एकदाही फरक नाही.

नवव्या रविवारी मैदानावर ही गर्दी. मुलींच्या शर्यतीत मंजू आणि भावना बाकीच्यांना कितीतरी मागे टाकून हँडलला हँडल लावून आल्या. धुकं होतं थोडं. ताई, माझ्या डोळ्यांना मंजूचं चाक आधी रेघेवर आलेलं दिसलं. फार नाही, चार बोटं.

चिठ्ठीवर मंजूचं नाव लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला. वाटलं, सगळं रेल्वेचं गाव बघतंय. बाप पंच आणि पोरगी पहिली, लोक काय म्हणतील? शिवाय भावना आधीच्या चार शर्यतींत मंजूच्या मागेच राहिली होती. ती पोर माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली. मी भावनाचं नाव लिहिलं.

चिठ्ठ्या उघडल्या. माझ्या चिठ्ठीत भावना, शामरावच्या चिठ्ठीत मंजू! लोक पोट धरून हसले. कोणीतरी ओरडलं की पहले आप, पहले आप, हे रायपूर आहे का लखनौ. शामराव म्हणे तुझी पोरगी पुढे होती, मी म्हणे तुझी. शेवटी दोन वर्षांनी सीनियर म्हणून माझी चिठ्ठी खरी धरली, भावनाला कप मिळाला, दोघी पोरींनी एकमेकींना मिठी मारली. इथपर्यंत सगळं गोड होतं.

मग पोहे खाताना माझी छाती जरा जास्तच फुगली. चार जुने सोबती भोवती होते. मी त्यांना सांगून बसलो की अरे, पहिली तर आपली मंजूच आली होती, पण म्हटलं भावनाही घरचीच पोरगी आहे, देऊन टाकू तिला. बोललो आणि मागे वळलो तर शामराव प्लेट हातात घेऊन उभा. त्याने प्लेट तशीच खाली ठेवली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो कप वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्या घरी आला. दार सुशीलाने उघडलं. तिला तो एवढंच म्हणाला की वहिनी, शालिकभाऊले सांगा, माह्या पोट्टीले देल्लं नाही पाह्यजे, जितलेलं पाह्यजे. चहालाही थांबला नाही. मार्चमध्ये त्याच्या निवृत्तीचा कार्यक्रम झाला, त्याचं निमंत्रण मला पोस्टाने आलं. बीरगांवहून भनपुरीला, पोस्टाने! मी गेलो नाही. तिकीट लावून बोलावलेल्या पाहुण्यासारखं कुठल्या तोंडाने जाऊन बसू?

दहा महिने झाले. कप माझ्या कपाटात आहे. शामराव नाही तर शर्यत कशाची घ्यायची? रेघेच्या त्या टोकाला दुसरं कोणी उभं आहे असं मनात आणवतही नाही.

आता तूच सांग ताई, मी स्वतःच्या मुलीच्या हातचं काढून दुसऱ्याच्या मुलीला दिलं, यात माझा गुन्हा काय? मंजूचं मात्र मला वाईट वाटतं. तिच्याशी यावर मी कधीच बोललो नाही. तिचं नुकसान केलं, आणि मित्रही गेला.

सुशीला म्हणते, तुम्हाला कोणी बोलायला सांगितलं होतं. तीही रागावलेलीच आहे. तू तरी समजून घे.

तुझा,
शालिक


वर्धा
४ डिसेंबर २००२

चि. मंजूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापाचं पत्र सोबत जोडलं आहे. त्याला न विचारता जोडलं, तेव्हा दोष माझा. नीट वाच.

मी ते तीनदा वाचलं. दोन म्हातारे रेघेच्या दोन टोकांना उभे राहिले, धुक्यात डोळे ताणून बघितलं, चिठ्ठ्या लिहिल्या, घड्या घातल्या, भांडले, रुसले, दहा महिने घालवले. या सगळ्या कारभारात सायकलवर ज्या दोघी बसल्या होत्या त्यांना कोणी काही विचारल्याचा उल्लेख मला कुठे सापडला नाही. म्हणून मी विचारते. त्या दिवशी काय झालं, मंजू? तुला तर माहीत असेलच ना?

मला उत्तर लिहू नकोस, बापाला लिही. हिंदी मिसळलंस तरी चालेल, पण गुळमुळीत लिहू नकोस. तुझ्या आजोबांपासून आपल्या घरात एक खोड आहे, माणसं दुसऱ्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसतात आणि शेवटी सगळ्यांनाच वाईट वाटतं. ही खोड तुझ्यापाशी थांबली तर मला आनंद होईल.

अंबिकापूरला थंडी फार असते म्हणतात. तुझ्यासाठी स्वेटर विणते आहे, बाह्या राहिल्या आहेत. आत्याला विसरू नकोस, आत्या तुला विसरत नाही.

तुझी,
आत्या


अंबिकापूर
१३ डिसेंबर २००२

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आत्याने तुमचं पत्र मला पाठवलं आहे. तिच्यावर रागवायचं असेल तर रागवा, पण आधी हे पूर्ण वाचा. माझं मराठी लिहिणं कच्चं झालं आहे, चुका सांभाळून घ्या.

बाबा, त्या दिवशी भावना जिंकली. तुम्ही दिलं म्हणून नाही, खरोखर जिंकली.

मैदानाच्या कोपऱ्यापर्यंत आम्ही बरोबर होतो. तिथून शेवटच्या पंधरा-वीस हातांत तिने असा जोर लावला की मी बघतच राहिले. रेघ ओलांडली तेव्हा तिचं पुढचं चाक मला माझ्या चाकाच्या पुढे दिसत होतं. त्याच्या रिमला हिरवी रिबन बांधली होती, ती फिरतानासुद्धा मी पाहिली. ते माझ्या पुढे नसतं तर सायकल चालवताना मान न वळवता मला कसं दिसलं असतं? तुम्ही बाजूने बघत होतात, मी सायकलवर होते. तुम्हाला मी पुढे दिसले, कारण तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. त्यात तुमची चूक नाही. माझ्या जागी दुसरी असती तर तुम्हाला बरोबर दिसलं असतं.

म्हणूनच आम्ही मिठी मारली. मला मुळीच वाईट वाटलं नव्हतं. मी तिला म्हटलं की अगले साल देख लूंगी, ती म्हणाली की हव, देख लेबे. पोह्यांपाशी तुम्ही काय बोललात ते मला माहीतही नव्हतं. दिवाळीत भाऊबीजेच्या दुपारी मी बीरगांवला तिच्याकडे गेले तेव्हा तिने सांगितलं. तिची सायकल मागच्या खोलीत उलटी टांगून ठेवली आहे. ऑफिसला बसने जाते. म्हणाली की सायकलवर बसलं की वाटतं, रस्त्यावरचा प्रत्येक माणूस म्हणत असेल, हिला कप फुकटचा मिळाला होता.

त्याच संध्याकाळी तुम्हाला सांगायचं ठरवून घरी आले. तुम्ही पाहुण्यांना मागच्या हंगामाच्या गोष्टी सांगत होतात, इतके खुश होतात की माझी हिंमत झाली नाही. ती माझी चूक. आत्या म्हणते ती खोड माझ्यातही आहे.

पण आता राग येतोय तर लिहूनच टाकते. तुम्ही लिहिलंत की माझ्या हातचं काढून तिला दिलं. बाबा, माझ्या हातात ते नव्हतंच. जे तुमचं नव्हतं, माझंही नव्हतं, ते तुम्ही दान करून मोकळे झालात. ज्या पोरीने पायांत गोळे येईपर्यंत सायकल मारून ते मिळवलं होतं, तिच्याकडून काढून घेऊन मग तिलाच दान केलंत. आणि माझा दुसरा नंबर खरा होता, मला तो आवडला होता. त्याच्या जागी मला लोकांच्या तोंडी एक खोटा पहिला नंबर मिळाला. तो नको आहे मला.

शामराव काकांना हे माहीत आहे की नाही ते मला ठाऊक नाही. ते मी नाही, तुम्ही सांगायचं आहे.

जास्त बोलले असेन तर लहान समजून माफ करा. शर्यत ठेवलीत तर जानेवारीत मी चार दिवस रजा काढून येईन. आईला नमस्कार, आणि तिच्या हातच्या मेथीच्या लाडवांची मी वाट बघते आहे.

तुमची,
मंजू


॥ श्री ॥
भनपुरी, रायपूर
१३ जानेवारी २००३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू माझं पत्र मंजूला पाठवलंस म्हणून आधी तुझ्यावर चिडलो, आठवडाभर चिडलेला होतो, आता पाया पडतो. हिशेब मिटला.

मंजूचं पत्र वाचलं त्या दिवशी जेवण गेलं नाही. सुशीलाने ते हातातून घेऊन वाचलं आणि म्हणाली की पस्तीस वर्षं मला जे जमलं नाही ते पोरीने दोन पानांत केलं. ताई, मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. वर्षभर मी स्वतःला मोठ्या मनाचा माणूस समजत होतो, आणि आपला एवढा मोठेपणा लोकांना कळत नाही म्हणून कुढत होतो.

पुढच्या रविवारी सकाळी कप पिशवीत घातला आणि सायकलने बीरगांवला गेलो. गुडघ्याला काहीही झालं नाही, हे तुझ्या माहितीसाठी. शामराव अंगणात हौदाला सिमेंट लावत होता. मला पाहून थापी हातात तशीच धरून उभा राहिला. बसाही म्हणाला नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं की शामराव, भावनाच जिंकली होती, मंजूने स्वतः लिहिलंय, माझ्या डोळ्यांनी मला फसवलं आणि माझ्या तोंडाने तुला दुखवलं.

शामरावने थापीवरचं सिमेंट बोटाने काढलं. मग म्हणाला की शालिकभाऊ, मले तर तवाच माहीत होतं. त्याने भावनाचं चाक पुढे गेलेलं स्वच्छ पाहिलं होतं. पण त्यालाही तेच वाटलं जे मला वाटलं, बाप पंच आणि पोरगी पहिली, लोक काय म्हणतील. म्हणून त्याने चिठ्ठीवर मंजूचं नाव लिहिलं. आहे की नाही गंमत? मला चुकीचं दिसलं आणि मी खरं लिहिलं, त्याला खरं दिसलं आणि त्याने चुकीचं लिहिलं. माझ्यावर जेवढा राग होता त्याच्याहून जास्त स्वतःवरच होता, असं म्हणाला, कारण स्वतःच्या पोरीची जीत आधी त्यानेच लपवली होती, मी तर फक्त तिला नावं ठेवली.

कांतावहिनी आतून सगळं ऐकत होत्या. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि आम्हा दोघांना असं काही झाडलं की शेजारचे गच्चीवर आले. तुमचं दोघांचं मन मोठं, अन् माह्या पोरीची सायकल खुटीले टांगली, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी भावनाला बोलावलं. ती शांतपणे म्हणाली की काका, तुम्ही माझी माफी इथे अंगणात मागून राहिले, पण बोलले तर पोह्यांपाशी सगळ्यांसमोर होते. ताई, पोरी केवढ्या मोठ्या झाल्या! कप तिने घेतला नाही. म्हणाली, तिथेच द्या.

म्हणून काल, रविवारी, यंदाची पहिली शर्यत ठेवली. मंजू परवाच आली. मैदानावर मागच्या वर्षीपेक्षा जास्त लोक होते, नव्या राजधानीतले नवे बाबूलोकही आले. सुरू करायच्या आधी मी लाऊडस्पीकर हातात घेतला. हिंदीत सांगितलं, म्हणजे सगळ्यांना कळावं. मागच्या वर्षी भावना आपल्या पायांच्या जोरावर पहिली आली होती, मी पोह्यांपाशी जे सांगितलं ते खोटं होतं, आणि दोघा पंचांपैकी एकानेही डोळ्यांना दिसलं ते चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं. मी पुढचं विसरलो. शामरावने माझ्या हातातून स्पीकर घेतला आणि म्हणाला की दुसरा पंच मी होतो. मग थैलेवाल्या पोस्टमनने टाळ्या सुरू केल्या. भावना पुढे आली, कप घेतला, तो डोक्यावर धरला आणि पहिल्यांदा मंजूकडे पाहिलं. मंजूने बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की माझी पंचाची शिट्टी फिकी पडली. सुशीला आणि कांतावहिनी दोघीही रडल्या, आणि नंतर दोघींनीही धुराने डोळ्यांत पाणी आलं म्हणून सांगितलं. धूर कुठेच नव्हता.

यंदा नवा नियम केला. ज्याचं पोर शर्यतीत असेल त्याने रेघेजवळ फिरकायचं नाही. रेघ दोन शाळामास्तरणींच्या ताब्यात दिली आणि मला नि शामरावला गुळाच्या पाण्याची बादली देऊन बीरगांवच्या वळणावर पाठवलं. तीस वर्षांचे माप घेणारे आम्ही, पाणी वाटायला! पण ऐक.

वळणावर उभं राहिलो आणि लांबून मुली दिसायला लागल्या. सगळ्यांत पुढे दोघी, एक मंजू, एक भावना. सवयीने माझा हात शिट्टीकडे गेला, तर गळ्यात शिट्टीच नव्हती. ताई, मागच्या वर्षी नऊ रविवार मी रेघेवर उभा होतो, आणि एकदाही माझ्या पोरीचं नाव घेऊन ओरडलो नव्हतो. पंचाने ओरडायचं नसतं. काल मात्र काय झालं कोण जाणे, मी मंजू, मंजू, मार पोरी, मार, असा ओरडायला लागलो. शेजारी शामराव माझ्याहून जोरात भावनाच्या नावाने ओरडत होता. बादली लवंडली. दोघी वळणावरून वाऱ्यासारख्या गेल्या, जाताना मंजूने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हसली. तेवढ्याने तिचा वेग कमी झाला असेल तर दोष माझा.

शेवटी पहिली आली उरला गावची एक तिसरीच मुलगी, तिच्याकडे आमच्यापैकी कोणाचं लक्षच नव्हतं. पण वळणावर पुढे कोण होतं यावर परत येताना माझं नि शामरावचं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणे भावना पुढे होती, मी म्हणे मंजू. भनपुरीपर्यंत भांडत आलो, घरी येऊन चहा पिताना भांडलो, अजून मिटलं नाही. आज सकाळी तो पुन्हा आला, तर दारातूनच म्हणाला की भावना पुढे होती, एक हात. मी म्हणालो मंजू, दीड हात. या वेळी दोघांनीही जे दिसलं तेच सांगितलं.

घसा बसला आहे, म्हणून हे पत्र एवढं लांबलं. शामराव समोरच बसला आहे आणि तुला नमस्कार लिही म्हणतो. आमच्यावरचा तुझा लोभ असाच राहू दे, आणि रागावायचा हक्कही सोडू नकोस.

तुझा,
शालिक